समोरच्या खोलीचा त्याग

त्याग करणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी प्रेक्षक लागतात. कोणी बघत नसताना केलेला त्याग म्हणजे नुसती गैरसोय. हे गुपित काही जणांना जन्मभर उमगत नाही आणि ते बिचारे कोणाला पत्ता न लागता झिजून जातात. लाँड्रीवाल्या दादाला ते उपजतच ठाऊक होतं.

दादाचं ड्रायक्लीनिंगचं दुकान बरोब्बर चौकात होतं आणि घर दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. वडील गेल्यापासून त्याने दुकान सांभाळलं, आईला सांभाळलं, आणि आपण हे सगळं सांभाळतो आहोत ही बातमीही सांभाळली. गिऱ्हाइकाने पावती पुढे केली की हँगरच्या रांगेत कोट शोधता शोधता तो एक सुस्कारा सोडायचा. "आपलं काय! झिजायचं. चंदनाचा जन्म आहे आपला." इतकी वर्षं हे ऐकल्यावर गल्लीने त्याचं नावच चंदन ठेवलं. ते त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला भरून आलं होतं. खरं चंदन झिजून झिजून एवढंसं होतं. हे चंदन दर दोन वर्षांनी पट्ट्याला एक भोक वाढवत होतं. पण उपमेची मापं काढत कोण बसतो?

त्याच्या सगळ्या त्यागांचा राजा म्हणजे समोरची खोली. घर असं होतं: रस्त्यावर मोठी खिडकी असलेली समोरची खोली, पाठीमागे एक लहान अंधारी खोली, स्वयंपाकघर, आणि या सगळ्यांना जोडणारा, एकही खिडकी नसलेला पॅसेज. आईवडील पस्तीस वर्षं मागच्या खोलीत झोपले. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले आणि महिन्याच्या आत दादाने जाहीर केलं, की आई आता त्या अंधारकोठडीत राहणार नाही. तिला समोरची खोली. उजेड, वारा, रहदारी. आई "अरे, पण" असं म्हणाली होती. दादाने तिला 'पण'च्या पुढे जाऊ दिलं नाही.

"माझी काळजी करायची नाही," तो म्हणाला. "आम्ही दोघं पडू पॅसेजमध्ये."

'आम्ही दोघं' यातल्या दुसऱ्या व्यक्तीला कोणी विचारलं नव्हतं. त्यागाचा हा एक फायदा असतो, तो स्वतःच्या नावावर करता करता बायकोचाही त्यातच उरकून टाकता येतो.

आता मागची खोली रिकामी झाल्यावर पॅसेजमध्ये का पडायचं, असा प्रश्न कोणालाही पडेल. बायकोलाही पडला होता. पण दुकानात लोकांनी न नेलेले कपडे फार साठले होते. 'तीस दिवसांनंतर कपड्यांची जबाबदारी आमची नाही' अशी पाटी भिंतीवर होती. बाकीचे लाँड्रीवाले एकतिसाव्या दिवशी कपडे कोणाला तरी देऊन मोकळे होतात. दादाचं मन एवढं कोतं नव्हतं. कोणी लग्नातला कोट टाकून जायचा, लग्न मोडायचं, पावती जन्मात परत यायची नाही, तरी कोट प्लास्टिकच्या पिशवीत, कॉलरला टॅग लावून, मागच्या खोलीत टांगलेला असायचा. अकरा वर्षांत तिथे पाऊल ठेवायला जागा उरली नाही. अशा रीतीने घरातली सगळ्यात शांत खोली अनोळखी लोकांच्या कोटांना मिळाली, सगळ्यात गोंगाटाची म्हातारीला, आणि दादा पॅसेजमध्ये घडीच्या खाटेवर, त्याची बायको खाली गादीवर.

घरी कोणी आलं की दादा आधी समोरची खोली दाखवायचा, मग परतताना मुद्दाम पॅसेजमध्ये थांबायचा. "आमचा महाल," असं म्हणून घडीच्या खाटेवर हात ठेवायचा. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, दर खेपेला पदर डोळ्यांना लावायची. "असा मुलगा मिळायला नशीब लागतं गं, ताई." आई पलंगाच्या कडेवर बसून मान हलवायची, पोलिसांनी विचारल्यावर गुन्हा कबूल करावा तशी.

त्या खोलीच्या खिडकीखाली बस वळायची. वळताना गिअर बदलायची. समोरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी रात्रभर लागायची नि विझायची, आणि चार वाजता पलीकडच्या बेकरीचं शटर सगळ्या चौकाला उठवून वर जायचं. सकाळी दादा चहाचा कप घेऊन आत जायचा. "आई, झोप झाली?"

"झाली रे," आई म्हणायची. आवाज धुऊन धुऊन विटलेला. तो वयाचा असणार, असं दादाने ठरवून टाकलं होतं.

जेवणाचंही तसंच. आईच्या आधी दादा घास तोंडात घालत नसे. आईला भूक नसायची, पण पोरगा ताटावर उपाशी बसलाय हे दिसत असल्यामुळे ती आठ वाजता मुकाट्याने जेवायची आणि दहा वाजता छातीत जळजळ झाली की तीही मुकाट्याने सोसायची.

दादाला एक धाकटा भाऊही होता, पण त्याच्याविषयी फार बोलण्यासारखं काही नव्हतं. तो सुखी होता. चोविसाव्या वर्षी दुकानाच्या वाफेत, हातात इस्त्री तशीच धरून, तो म्हणाला होता, "मला इथे गुदमरतं. मी जातो." कुठे, तर शहराच्या टोकाला रोपवाटिका काढायला. का, तर झाडं आवडतात म्हणून. दादाच्या मते एखादी गोष्ट आवडते म्हणून करणं ही माणूस वाया जाण्याची पहिली पायरी होती. दुसरी पायरी म्हणजे ती करून पस्तावणं. धाकट्याने दुसरी पायरी चढण्याचं नावच घेतलं नाही, हे दादाला फार लागलं होतं. त्याने लग्नही केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "बरं चाललंय की!" एखाद्याने किती निर्लज्ज असावं!

"स्वतःच्या सुखामागे लागलेला माणूस दुसऱ्याच्या काय कामाचा?" दादा विचारायचा.

"निदान मी कोणाच्या वाटेत तरी येत नाही, दादा," धाकटा हसून म्हणायचा. मग कोपऱ्यातल्या कुंडीतली वाळकी पानं खुडायचा, आईशी टिवल्याबावल्या करायचा आणि आला तसा निघून जायचा. तो गेल्यावर आई बराच वेळ खूश असायची. दादाला वाटायचं, राबतो आपण, आणि भाव खाऊन जातो हा.

हे असंच चाललं असतं, पण दादाला आणखी एक सत्कृत्य करायची हुक्की आली. त्याने आईच्या खोलीला नवा रंग द्यायचं काढलं. पिवळा, कारण आईला पिवळा आवडतो. रंगाच्या वासाने आई खोकायला लागली. म्हणून आठ दिवसांसाठी तिला धाकट्याकडे पाठवायचं ठरलं. दादाला ते जिवावर आलं होतं. "आठच दिवस सोस, आई," तो बसमध्ये तिला बसवताना म्हणाला. "त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नकोस."

आठाचे पंधरा दिवस झाले. रंग वाळला. आई आली नाही. फोनवर ती "येते रे, येते" म्हणायची, पण त्या 'येते'मध्ये येण्याचा काही रंग दिसत नव्हता. आणि तिचा आवाज वेगळाच लागत होता. मोठा, खणखणीत, मध्येच हसणारा. दादाने यातून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. धाकट्याने तिला काहीतरी शिकवून ठेवलं असणार. सोमवारी दुकान बंद असतं. दादाने आईची उशी, आईच्या गोळ्या, आईची चादर असं तिने न मागितलेलं सगळं सामान पिशवीत भरलं आणि तिला सोडवून आणायला तो निघाला.

धाकट्याचं घर रोपवाटिकेच्या आतच होतं. बसकं, दोन खोल्यांचं. अकरा वाजले होते. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत ऊन भरून राहिलं होतं आणि त्या उन्हात टेबलावर, खिडकीत, जमिनीवर, जिथे तिथे रोपांचे ट्रे मांडलेले होते. मधोमध एकुलत्या आरामखुर्चीत धाकटा पाय पसरून पाव खात बसला होता.

"आई कुठे आहे?" दादाने विचारलं.

"मागे. झोपलीय."

आई दिवसा झोपत नाही. दिवसा ती झोपली याचा अर्थ एकच. तो धावतच मागच्या खोलीत गेला. एका माणसाच्या पलंगाएवढी खोली. खिडकी नाही, नुसता वरती झरोका. कोपऱ्यात खताची रिकामी पोती रचलेली. आणि पलंगावर आई, तोंड उघडं टाकून, एक पाय पांघरुणाबाहेर काढून झोपलेली.

"आई! आई, काय होतंय? डॉक्टरला बोलावू?"

आईने एक डोळा उघडला. "काही होत नाहीये रे. झोपलेय."

"अकरा वाजता?"

"सकाळी उठले, चहा घेतला. मग पुन्हा झोप आली." आईने तो डोळा मिटला. "तू बस बाहेर. येते मी."

दादा बाहेर आला तो फणफणत. हातातली उशी त्याने अजून सोडली नव्हती. "लाज वाटते का तुला? म्हातारी आई त्या पोत्यांच्या खोलीत, आणि तू इथे राजासारखा उन्हात?"

"उजेड रोपांना लागतो, दादा. झोपायला उजेड कशाला?"

"तिला विचारलंस तरी?"

"विचारलं ना. म्हटलं, ही खोली माझी आहे, मला सकाळचं इथे बसायला आवडतं, तुला मागची चालेल का? तर म्हणाली, चालेल काय, पळेल!"

"आणि नसती चालली तर?"

"तर तसं म्हणाली असती." धाकट्याने पावाचा तुकडा चहात बुडवला. "मी माझं सांगून टाकलं ना, की समोरच्यालाही स्वतःचं सांगायला जीभ फुटते."

"तू तिच्या आधीच खायला बसलास?"

"भूक लागली होती."

भूक लागली म्हणून जेवणारा माणूस! त्याने पन्नास वर्षांच्या आयुष्यात इतकं उघडंवाघडं कारण ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात आई आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. दादा तिच्याकडे बघतच राहिला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. ती वर्तुळं म्हणजे आईचा चेहराच, असं तो धरून चालला होता. तिने एका ट्रेमधली माती बोटाने चाचपली, "अरे, याला पाणी घाल" असं धाकट्याला फर्मावलं आणि स्टुलावर बसली.

"चल आता," दादा म्हणाला. "खोली तयार आहे. मस्त पिवळा रंग दिलाय. तुझा आवडता."

"पिवळा तुझ्या बाबांना आवडायचा," आई म्हणाली. "मला डोळ्यांत जातो."

"मग बदलू. त्यात काय! उद्याच बदलतो."

"नको रे बाबा," आई इतकी घाबरून म्हणाली, की धाकट्याला हसू आवरेना. मग तिने दादाच्या हातातली उशी काढून घेतली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत म्हणाली, "मला इथे झोप लागते."

"तिथे नव्हती लागत?"

न बोलण्यात आई अकरा वर्षं मुरलेली होती. पण पंधरा दिवसांच्या झोपेने तिची ती सवय थोडी सैल झाली असावी. "ती बस रे," ती म्हणाली. "वळताना अशी कण्हते. आणि ती हिरवी पाटी. डोळे मिटले तरी आत लागते-विझते. मग शेवटी उठून बसते मी. बाथरूमला जावं म्हटलं तर पॅसेजमध्ये सूनबाई. तिला ओलांडून जायचं. तिची झोपमोड नको म्हणून धरून बसायचं. आणि तिला ठाऊक, की मी येणार, म्हणून ती पाय आखडून जागी."

"अकरा वर्षं?" दादाचा आवाज चिरकला. "मला सांगायचं नाही?"

"कशी सांगणार? पोरगा माझ्यापायी बोळात पडलाय, हाडं मोडून घेतोय, सगळ्या जगाला माहीत आहे. आणि मी म्हणू, की मला नाही आवडत?" तिने धाकट्याकडे हनुवटी केली. "याने माझ्यासाठी काही म्हणजे काही केलेलं नाही. म्हणून याला मला काहीही सांगता येतं. तू माझं एवढं बघतोस, की मग मला रात्रंदिवस तुझंच बघत बसावं लागतं."

दादाला रडू आलं. अगदी लहान मुलाला यावं तसं, ओठ बाहेर काढून. त्याला राग आला होता, लाज वाटली होती, आणि या सगळ्याच्या तळाशी साधं दुःख होतं: आईला आपल्यापेक्षा हा आवडतो. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. धाकट्याने त्याच्यासाठी चहा टाकला. रडू ओसरल्यावर दादाने तो घेतला, आणि "मी काय, पाण्यावरही राहीन" असं म्हणून घेतला. बसमध्ये बसायच्या आधी त्याने गोळ्यांची पिशवी आईकडे ठेवली आणि "तू सावकाश ये" म्हणाला. येणार नाही असं आई म्हणाली नव्हती. त्या एका धाग्याला तो लोंबकळत घरी आला.

घरी बघतो तर पॅसेज मोकळा. घडीची खाट मिटून भिंतीला लावलेली. बायकोने दोन्ही गाद्या समोरच्या खोलीत नेल्या होत्या, खिडकीशी बसून ती नखं कापत होती आणि गुणगुणत होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. बायको गुणगुणते हे दादाला आज कळलं.

"आई येईपर्यंत झोपू इथे," ती म्हणाली. "पडूनच आहे ना खोली."

"अगं, पण आईची खोली..."

"आई आल्या की उचलते. पाच मिनिटांचं काम."

बायकोचं माहेर बसच्या डेपोसमोर होतं. बसच्या घरघरीत ती लहानाची मोठी झाली होती, आणि गेली अकरा वर्षं पॅसेजच्या शांततेत ती टक्क जागी असायची. आता ती पडल्या पडल्या घोरायला लागली. सकाळी उठून म्हणाली, "अहो, माहेरी जाऊन आल्यासारखं वाटलं." आणि तिने दादाला चहा दिला तो चक्क हसून दिला. दुकानात आल्यावर ती कपड्यांना टॅग लावायची. एरवी टाचणी कपड्याऐवजी कोणाच्या तरी डोळ्यात खुपसावी असा तिचा चेहरा असायचा. त्या सकाळी तिने एका गिऱ्हाइकाला त्याचा शर्ट छान आहे असं सांगितलं. गिऱ्हाईक पावती घ्यायची विसरून गेलं.

दादाची गोष्ट निराळी होती. तो तीन रात्री समोरच्या खोलीत पडला आणि तिन्ही रात्री त्याने छताचा हिशेब ठेवला. बस कण्हली. पाटी लागली, विझली. शटर वर गेलं. चौथ्या दिवशी त्याने बायकोला सांगितलं, "तुला ऐसपैस झोपता यावं म्हणून मी पॅसेजमध्येच पडतो." ती "बरं" म्हणाली. त्याने खाट उघडली, अंग टाकलं, आणि डोळे उघडले ते उजाडल्यावर. उशीवर लाळेचा डाग होता.

त्या सकाळी दादा दुकानात डागांच्या टेबलाशी उभा होता. समोर कोणाचा तरी पांढरा सदरा, खिशाशी तपकिरी डाग. या कामात एकच गोष्ट महत्त्वाची: डाग कशाचा आहे ते आधी खरं खरं कबूल करायचं. गंजाला चहा समजून वाफ मारली की तो डाग कापडाबरोबरच जातो, म्हणजे कापड फाटतं तेव्हाच. दादा या बाबतीत सहसा चुकत नसे. त्याने सदरा उजेडात धरला आणि धरल्या धरल्या त्याच्या मनात एक गोष्ट आली, जी यायला नको होती.

त्याला पॅसेज आवडत होता. आजच नाही. पहिल्या दिवसापासून. थंडगार, काळोखा, तिन्ही बाजूंनी भिंत, पायाशी स्वयंपाकघरातल्या मटक्याचा गारवा. वडील गेल्यानंतर एवढ्या चिंता असूनही तो तिथे खाटेवर पाठ टेकली की ढगात जायचा. त्या घरात अकरा वर्षं आई जागी होती, बायको जागी होती, मागच्या खोलीतले कोटसुद्धा अवघडून लटकले होते. एकच माणूस गाढ झोपलेला होता, आणि सगळे जण त्याचीच कीव करत होते.

बाप रे, दादा मनात म्हणाला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं. त्याने सदऱ्यावर गंजाचं औषध टाकलं आणि तो विषय तिथल्या तिथे मिटवला. पाण्यात राहून मासा कोरडा राहील, पण आयुष्यभर कमावलेलं नाव माणूस असं एका सदऱ्यापायी घालवत नाही.

मिटवलाही असता. पण संध्याकाळी आईचा फोन आला. काय चाललंय, जेवलास का, असं बोलणं झालं, आणि जुन्या सवयीने जीभ घसरली. "मी काय," दादा सुस्कारा सोडून म्हणाला, "मी आपला पॅसेजमध्येच. खोली तुझीच आहे. तुझी वाट बघतेय." बायको तिकडे खिडकीशी झोपते, हे सांगायचं राहून गेलं. पलीकडे आई "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी, दुकानात गर्दी नसताना, पुन्हा तिचाच फोन आला.

"मी येते रे," आई म्हणाली. "पिशवी भरलीय. दुपारच्या बसने येते."

दादाचं काळीज सुपाएवढं झालं. जिंकलो! "खरंच? अगं, मी येतो न्यायला."

"नको. येईन मी. कालपासून मला काही सुचत नाहीये. मी इथे मजेत लोळतेय, आणि तू तिथे बोळात. खोली रिकामी असून तू तिथे पाय ठेवत नाहीस. माझ्यासाठी ठेवलीस. मी एवढी कशी आपमतलबी झाले म्हातारपणी! तुझं केलेलं सगळं मातीत घालायला निघाले होते. झोपेन मी तिथेच. त्या बसची होते रे सवय."

तोच आवाज. विटलेला, उसवलेला, "झाली रे" म्हणणारा. मधल्या तीन आठवड्यांतला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. दादाने तो आवाज अकरा वर्षं रोज सकाळी चहाबरोबर ऐकला होता आणि त्याला तो आईचा आवाज वाटत होता.

पलीकडे टेबलाशी बायको बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. कोटाला अर्धवट टोचलेला टॅग तिने पुरता लावला नाही, काढलाही नाही. भांडली नाही. "मी गाद्या उचलून ठेवते," एवढंच म्हणाली आणि उठली.

आता दादाने फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम त्याला कधीच मिळालं नव्हतं. आई दुपारी येणार, लोकांना दाखवायला खोलीत पुन्हा आई असणार, चंदनाचं चंदनपण शाबूत. तोंड उघडलं की आई गेली, आणि अब्रूही गेली.

"आई," तो म्हणाला. "येऊ नकोस."

"का रे? रागावलास?"

"नाही. ऐक." त्याने फोनचं तोंड हाताने झाकलं, मग हात काढला. "मला पॅसेजमध्ये झोप लागते. चांगली लागते. समोर नाही लागत. म्हणून मी तिथे आहे."

"हं," आई म्हणाली. "आता लागायला लागली म्हणतोस."

"आता नाही."

"मग?"

"पहिल्यापासून."

बायको दाराशी थांबली होती. दुकानात वाफेचा पाइप तेवढा फुसफुसत होता. दादाला वाटलं, फोन तुटला.

"म्हणजे," आई शेवटी म्हणाली, एकेक शब्द सुटा करत, "अकरा वर्षं मी तिथे डोळे टक्क उघडे ठेवून तुझे उपकार आठवत होते, आणि तू घोरत होतास?"

"हो."

"एकही रात्र जागलास का माझ्यापायी?"

कोणत्याही मुलाला निदान एक रात्र सापडली असती. दादाने खरंच शोधली. "नाही," तो म्हणाला.

"मेल्या!" आई म्हणाली, आणि हा आवाज अजिबात विटलेला नव्हता. तो चांगला तापलेला होता, फोनमधून दुकानभर गेला. "मावशी माझ्यासमोर रडायची रे तुझ्यासाठी! मी तिचं सांत्वन करायचे!" मागून धाकट्याचं "काय झालं गं?" ऐकू आलं. "तू मध्ये बोलू नकोस," आई त्याच्यावर ओरडली. मग पुन्हा फोनमध्ये: "मी येत नाही. ऐकलंस? मुळीच येत नाही."

"नको येऊस," दादा म्हणाला. आई आता परत येणार नाही हे त्याला कळलं होतं, आणि आपल्याच तोंडाने तिला घालवली हेही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि या खेपेला ते कोणी बघावं असं त्याला वाटेना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग पलीकडून आईने विचारलं, "आणि सूनबाई कुठे झोपते?"

"समोरच्या खोलीत. तिला बस आवडते."

"अगं बाई," आई म्हणाली. "तिलाही कोणी विचारलं नव्हतं का?"

दादा फोन ठेवून वळला तेव्हा बायको अजून दाराशीच होती. गाद्या उचलायला ती वर गेली नव्हती. ती त्याच्याकडे बारकाईने बघत राहिली. मग आत येऊन खुर्चीवर बसली, टाचणी उचलली आणि अर्धवट राहिलेला टॅग तिने कोटाला लावून टाकला.